सोनू टंडेलांचा चिंचोक्याचा जोड

गेल्या माघात आमच्या वाडीतल्या मारुतीचं देऊळ नव्याने बांधून पुरं झालं. कौलं जाऊन स्लॅब आला, जांभ्याच्या पायऱ्यांवर गुळगुळीत फरशी बसली. कलश चढला त्या संध्याकाळी वाडीतल्या एका हुशार तरुणाने माइकवरून जुन्या गमती सांगितल्या. त्यात सोनू टंडेलांची गोष्ट आलीच. "आपल्या वाडीत एक टंडेल होते. त्यांनी ऐन सप्त्यात माशाच्या सरसाने चिकटवलेलं विलायती वाद्य देवळात आणलं, आणि भजनाला माणसांपेक्षा मांजरं जास्त जमली!" सगळा मंडप हसला. मीही हसलो. शेजारी बसलेल्या नातवाने कानाशी तोंड आणून विचारलं, "आजोबा, तुम्ही होतात ना तेव्हा? खरं आहे हे?"

"मांजरं खरी आहेत," मी म्हणालो.

घरी येऊन पानावर बसलो आणि तसाच उठलो. त्या सप्त्याला हजर असलेल्यांपैकी आता मी एकटाच उरलो आहे. मी गेलो की माइकवरची गोष्टच खरी होऊन बसेल. ती तशी नाही, हे मला ठाऊक आहे. आणि ते मला का ठाऊक आहे हे मी आयुष्यभर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ते सांगायचं तर आधी टंडेलकाका सांगायला हवेत.

सोनू शिवलकर हे त्यांचं नाव. साहेबांच्या मालबोटीवर ते टंडेल होते, म्हणजे खलाशांवरचा मुकादम. उमेदीची सगळी वर्षं पाण्यावर काढून, एक गुडघा कायमचा बिघडवून ते परत आले, तेव्हा मी नुकताच मांडवी बंदरावरच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो होतो आणि वाडीच्या भजनी मंडळात पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवत होतो. त्यावरून वाडी मला 'मास्तर' म्हणे. बुटके, रुंद, धनुष्यासारख्या पायांचे टंडेलकाका जमिनीवर चालतानाही असे डुलत, की समोरच्यालाच बोट लागावी. खाली पंचा आणि वर बोटीवरचं निळं लोकरीचं बनियन, वैशाखातसुद्धा. "उकडत नाय काका?" असं कुणी विचारलं की म्हणत, "उकाडा बाहेर हाय. आत येऊ देत नाय मी त्याला."

बोटीवरची माणसं घरी येताना चिनी बरण्या आणत, गालिचे आणत, एखादा पोपटही आणत. टंडेलकाकांच्या पडावातून, म्हणजे आगबोटीवरून माणसं उतरवणाऱ्या होडीतून, दोन ट्रंका उतरल्या. एकीत कपडे होते. दुसरी त्यांच्या बायकोने, जानकीकाकींनी, साऱ्या वाडीच्या देखत मोठ्या आशेने उघडली. आत जुन्या स्वेटरांत गुंडाळलेल्या मोडक्या कॉन्सर्टिना होत्या.

ज्यांनी हे वाद्य पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही टोकांना लाकडाच्या सहाकोनी फळ्या, मधे चामड्याचा घडीघडीचा भाता आणि फळ्यांवर हाडाच्या गोल कळा. दोन्ही हातांत धरून हवेतच ताणायचं आणि दाबायचं. आमच्या हार्मोनियमची एक पट्टी दाबली की एकच सूर येतो. टंडेलांच्या या पेट्यांत तीच कळ भाता ताणताना एक सूर द्यायची आणि दाबताना दुसराच. वाडीने तिला 'सहाकोनी' असं नाव ठेवलं. जानकीकाकींनी वेगळं ठेवलं. "लोकांचे घोव सोनं आणतात," त्या ट्रंकेकडे बघत म्हणाल्या, "माज्या घोवाने एका खेपेला एवढ्या सवती आणल्या. आणि एकीचं पण हाडपेर धड नाय."

"धड करीन," टंडेलकाका म्हणाले.

"त्यांना करशील. माज्या चुलीवरचं कौल कवा करशील?"

त्या सवतींना नावंही होती. एक 'कार्डिफवाली', कारण ती कार्डिफ बंदरातल्या एका म्हाताऱ्या खलाशाकडून घेतली होती. एक 'रडवी'. एक 'आगाऊ', कारण तिची एक कळ आपणहून वाजायची. एक 'मडम', जिला धूप दाखवल्याशिवाय आवाज फुटत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. पडवीतल्या फळीवर त्या ओळीने बसलेल्या असत, आणि पडवीत शिरणाऱ्याने आधी त्यांच्याकडे बघून मग टंडेलांकडे बघायचं, अशी शिस्त होती. माझ्या हार्मोनियमला मात्र ते 'पाट' म्हणत. "काय मास्तर, आज पाट घेऊन कुटं? जेवायला बसताय?"

एवढ्यांवर त्यांचं समाधान नव्हतं. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याला ते मांडवीच्या धक्क्यावर गाठत आणि छातीवर बोट रोवून सांगत, "जुन्या बाजारात सहाकोनी पेटी दिसली की उचल. पैशाचं मी बघतो." चाकरमाने बिचारे आज्ञाधारक. कुणी सहाकोनी कंदील आणला, कुणी चहाचा डबा, एकाने तर पक्ष्याचा पिंजरा आणला. टंडेलकाकांनी काही परत केलं नाही. कंदील पडवीत टांगला, डब्यात कळा ठेवल्या आणि पिंजऱ्यात नवे केलेले भाते वाळत घातले. पिंजऱ्यात का, तर मांजरं. मांजरांचा आणि टंडेलकाकांचा जुना वाद होता, तो पुढे येईल.

एकदा बातमी आली, की अंजनवेलला एका खलाशाच्या विधवेकडे खरीखुरी सहाकोनी आहे. टंडेलकाका पहिल्या मचव्याने तिकडे गेले आणि येईनात. काकी रोज किनाऱ्यावर येऊन मला विचारायच्या, "मास्तर, कचेरीत काय बुडाल्याची खबर?" काका परतले ते एका काखेत पेटी आणि दुसऱ्या हातात पिल्लू घेऊन. झालं होतं असं. पेटी खरीच होती, पण वरची फळी गेली होती, आणि त्या पोकळीत त्या बाईंची कोंबडी अंड्यांवर बसली होती. बाई म्हणाल्या, "पेटी न्या, भावोजी, मला काय करायची? पण कोंबडी उठवायची नाय." मग टंडेलकाका पिल्लं बाहेर येईपर्यंत त्यांच्या ओट्यावर बसून राहिले. कोंबडीला दाणे टाकले, बाईंची विहीर उपसली, आणि शेवटी निरोप घेताना बाईंनी एक पिल्लू हातावर ठेवलं. त्या पेटीचं नाव 'माहेरवाशीण'. दुरुस्त झाल्यावरही तिचा खालचा एक सूर कुडुक करून मगच लागायचा. मी म्हटलं, "काका, हा घासून नीट करा की." ते गंभीरपणे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तेवढी तिला घरची आठवण."

दुरुस्ती करताना त्यांच्यासमोर बसणं म्हणजे बोटीवर नोकरी करणं. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा असतात, त्यांना आम्ही सूर म्हणतो. त्या टोकाला घासल्या की सूर चढतो, बुडाशी घासल्या की उतरतो. कानस त्यांना पसंत नव्हती. ते मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, वाळवलेल्या खरखरीत कातडीने घासत. बाजारात मिळणाऱ्या सॅंडपेपरला ते 'कागद' म्हणत, आणि तेही तुच्छतेने. भाता ताणायचा असला की मला हुकूम सुटे, "हबेस!" आणि सैल सोडायचा असला की, "आरिया!" बोटीवर दोर खेचायला आणि सोडायला तेच शब्द. मी एकदा आरियाला हबेस केलं, तर म्हणाले, "मास्तर, तुमच्या हातात दोर असता तर आता सारंग समुद्रात असता." सारंग म्हणजे टंडेलाच्याही वरचा.

पण सूर लावायचा कशाला? इथे टंडेलकाकांचं शास्त्र जगावेगळं होतं. ते म्हणत, माणसाचा गळा बदलतो, हार्मोनियम दमट होते, न बदलणारा सूर एकच, आगबोटीच्या भोंग्याचा. आगबोट मांडवीसमोर येऊन भोंगा वाजवायला लागली की ते पडवीत सूर जुळवायला घेत. अडचण एवढीच, की सोमवारी येणारी आगबोट वेगळी आणि गुरुवारी येणारी वेगळी. दोघींचे भोंगे जुळत नसत. त्यामुळे त्यांच्या निम्म्या पेट्या सोमवारच्या होत्या आणि निम्म्या गुरुवारच्या. आमचे भजनी भिकूबुवा म्हणजे वाडीतला मोठा गळा. ते एकदा चुकून म्हणाले, "सोन्या, जरा चढी पट्टी घे बघू." टंडेलकाकांनी मान डोलावली. "म्हंजे गुरुवारची." पावसाळ्यात आगबोटी बंद होत, तेव्हा सूर लावणंही बंद. कुणी आग्रह केला तर म्हणत, "आता खाडीतल्या बेडकाशी जुळवू?"

त्यांचा खरा अभिमान मात्र सुरांचा नव्हता, जोडाचा होता. भाता लाकडाला जिथे चिकटतो तो जोड. वारा तिथूनच निसटतो. "वारा फुकटचा हाय, मास्तर," ते म्हणत, "पण त्याला धरून ठेवायला लायकी लागते." त्यासाठी ते घोळ माशाच्या पोटातली फुग्यासारखी पिशवी सुकवून, तासन्‌तास उकळून सरस करत. त्या सरसाला वास असतो की नाही हा वाडीतला कायमचा वाद. टंडेलांच्या मते नसतो. मांजरांच्या मते असतो. "माज्या सरसाला वास नाय," ते ओरडत, "वास हाय तो तुमच्या मनात!" आणि पायाशी घोटाळणाऱ्या मांजराला म्हणत, "आनि तुज्या पण!"

आता सप्ताह. श्रावणात होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं रिकामी असतात, तेव्हा मारुतीच्या देवळात सात दिवस अखंड भजन चाले. घराघराला पहारे वाटून दिलेले असत. वीणा खाली टेकायची नाही आणि भजन थांबायचं नाही. दर्यावर जगणाऱ्या वाडीत या सात दिवसांचा नियम कडक होता. मासळी बंद, नुसती खायची बंद नव्हे, घरात ठेवायचीही बंद. सुकटीची आणि बोंबलांची मडकी तोंडाला फडकी बांधून वाडीबाहेर काजूच्या झाडाखालच्या खोपीत नेऊन ठेवायची, आणि सप्ताह उतरला की आपापली ओळखून आणायची.

टंडेलकाकांच्या मनात एकच गोष्ट होती. सप्त्यात वीणेच्या शेजारी बसून आपली पेटी वाजवायची. बापाने त्या जागी टाळ वाजवले होते. आपण मात्र ऐन उमेदीचे सगळे श्रावण परक्या बंदरांत काढले, याचं त्यांना फार होतं. ते सरळ बोलत नसत, पण दर आषाढात भिकूबुवांच्या ओट्यावर जाऊन बसत. संवादही दरसालचा ठरलेला.

"साहेबाचं वाद्य देवळात नको, सोन्या."

"मास्तरचा पाट काय मारुतीरायाने लंकेतनं आणला?"

"तुझ्याला कातडं आहे."

"मृदंगाला काय केळीचं पान लावलंय?"

"त्यात मासा आहे," बुवा शेवटचा बाण काढत. तिथे टंडेलकाका अडत.

एका वर्षी मात्र पाऊस असा लागला, की माझ्या हार्मोनियमच्या पट्ट्या फुगून बसल्या. दाबली की वर येईना. सप्ताह महिन्यावर, दुसरी पेटी नाही. बुवांनी नाइलाजाने टंडेलांना निरोप धाडला. अट एकच. सरस माशाचा नको, आणि सरसाचं मडकं सगळ्यांच्या मडक्यांबरोबर खोपीत गेलं पाहिजे.

"माजा सरस बोंबलाच्या शेजारी?" टंडेलकाका कळवळले. पण त्यांनी ते कबूल केलं. आणि मग त्यांनी ते केलं जे मी जन्मात विसरणार नाही. कार्डिफवालीचा चांगला, घट्ट बसलेला भाता त्यांनी पूर्ण सोडवला, सरसाचा कण न्‌ कण खरवडला आणि करडाच्या नव्या कातड्याचा भाता चिंचोक्याच्या खळीने पुन्हा चिकटवला. चिंचोके भाजले, सोलले, भिजवले, वाटले, शिजवले. त्यात आणखी काय घातलं ते मला तोंड फिरवून बसायला सांगून घातलं. सगळा आषाढ त्यात गेला. काकी म्हणत, "माज्या बाळंतपणाला एवढी काळजी नव्हती." जोड पुरा झाला त्या दिवशी त्यांनी पेटी माझ्या कानाला लावली, कळ न दाबता भाता ताणला, आणि विचारलं, "वारा येतोय?"

"नाही."

"बघ मास्तर, हा जोड सुटला तर सोनू पुन्हा जोड लावायचा नाय. हत्यारं ठेवून देईन."

सप्ताह चढला, सरसाचं मडकं खोपीत गेलं. टंडेलकाका स्वच्छ धोतर नेसून, निळं बनियन मात्र तसंच ठेवून, वीणेच्या शेजारी बसले. आणि खरं सांगतो, फार गोड वाजवलं. नेहमीचा फुशारक्या मारणारा माणूस तो नव्हताच. डोळे मिटून बुवांच्या गळ्यामागून असे जात होते, की म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बुवांनी स्वतः मान हलवून दाद दिली. दुसऱ्या दिवशी मला तीनचार जणांनी सांगितलं, "मास्तर, तुमच्या पेटीची आठवणसुद्धा येत नाही हो!" माणसं चांगल्या मनाने बोलत होती. मला ते लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारचा पहारा आमच्या घराचा होता. बाहेर पाऊस कोसळत होता. देवळात मी आणि वीणा घेतलेले पांडूआजा, दोघेच. पांडूआजांना ऐकू जवळजवळ येत नसे, आणि ते उभ्या उभ्या डुलक्या घेत नाम म्हणू शकत. टंडेलकाका जेवून पडले होते. खांबापाशी लाल फडक्यावर कार्डिफवाली ठेवलेली. मी टाळ खाली ठेवले. इतकी वर्षं पेटी वाजवतोय, यात असं काय आहे, म्हणून ती उचलली आणि बुवांचा सकाळचा अभंग धरला.

ताणताना एक सूर, दाबताना दुसरा. माझी बोटं हार्मोनियमची. हवा तो सूर मिळेना, म्हणून मी ताणत गेलो. भाता पुरा ताणला गेला की अंगठ्याखालची एक कळ दाबून वारा बाहेर सोडायचा आणि भाता मिटायचा असतो. काकांनी ते मला शंभरदा दाखवलं होतं. मी ती विसरलो आणि रागाने हिसडा दिला. फर्र झालं.

आता जे सांगतो त्यासाठी हा सगळा लेख आहे. जोड सुटला नव्हता. मी डोळ्यांनी पाहिलं. चिंचोक्याची खळ लाकडाला आणि कातड्याला जशीच्या तशी धरून होती. फाटलं ते जोडाच्या बाजूचं कातडं, माझ्या हिसड्याने. जोड मात्र हलला नव्हता.

पांडूआजा नाम घेत होते. मी इरलं डोक्यावर घेतलं आणि पळालो. काकांच्या पडवीतून कातड्याचा तुकडा उचलला. ते आत घोरत होते. खळ सगळी संपली होती. तिथून तसाच खोपीत गेलो आणि बोंबलांच्या मडक्यांमधून काकांच्या सरसाचं मडकं शोधून त्यातला एक गोळा घेतला. तो पातळ करायला विस्तव हवा. देवळात विस्तव एकच, समई. भांडं एकच, तीर्थाची पळी. मी सरस पळीत घेतला आणि समईवर धरला. मारुती समोरून बघत होता. पांडूआजांनी एकदा डोळे किलकिले करून विचारलं, "धूप घालतोस काय रे?" मी मोठ्याने "हो" म्हणालो. जोडही झाकला जाईल असं ठिगळ मारलं, पळी राखेने घासली आणि टाळ उचलले.

संध्याकाळी बुवांनी प्रथम तीर्थ घेतलं. ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग भजन सुरू झालं. टंडेलकाकांच्या सरसाला वास नसतो, हे मी आज शपथेवर सांगायला तयार आहे. पण तीन दिवस बोंबलांच्या शेजारी राहिलेल्या सरसाची गोष्ट निराळी. भाता दाबला की वारा बाहेर पडे तो थेट बुवांच्या तोंडावर. बुवा आ लावायला तोंड उघडत आणि मिटत. पहिलं मांजर दाराशी आलं तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. मग दोन आली, पाच आली, आणि बघता बघता मंडळाच्या पुढ्यात मांजरांची एक ओळ बसली, शेपट्या पायांभोवती गुंडाळून, एकाग्र चित्ताने. टंडेलकाका डोळे मिटून वाजवत होते. ते ताणत तेव्हा मांजरं मागे सरकत, दाबत तेव्हा पुढे येत.

"मासळी!" बुवांनी भजनाच्या मधेच आरोळी दिली. "कुणीतरी मासळी खाल्ली आहे!"

वीणा आणि टाळ एका कोपऱ्यात चालू ठेवून बाकीची वाडी चौकशीला लागली. मंडळातले चार जण घरोघर जाऊन चुली हुंगू लागले. बायका दारात उभ्या राहून ठणकावत होत्या, "हुंगा! चुलीत डोकं घालून हुंगा!" घोटाळा असा झाला, की दोनतीन घरांत खरोखरच सुकट सापडली, आणि त्यांतलं एक घर मंडळाच्या खजिनदारांचं निघालं. त्यानंतर घरोघरची चौकशी एकदम थांबली आणि सगळ्यांची नाकं पेटीकडे वळली.

बुवांनी पेटी हातात घेऊन हुंगली. "सोन्या, ही इथे आहे मासळी."

टंडेलकाका हसले. पेटी घेतली, उलटी केली, आणि त्यांना ठिगळ दिसलं. त्यांचं हसू गेलं. अंगठा त्यांनी त्या ठिगळावरून हळू फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. दुपारचा पहारा कुणाचा होता हे त्यांना ठाऊक होतं. मी मारुतीकडे बघत होतो.

"ठिगळ कुणी मारलं?" बुवांनी विचारलं.

"मी."

"सरस कसला?"

"घोळीचा. आपल्या हातचा."

"तू शब्द दिलेलास, सोन्या."

"दिलेला," टंडेलकाका म्हणाले. पेटी फडक्यात गुंडाळली आणि उठून डुलत घरी गेले. मागोमाग मांजरं गेली.

देऊळ धुतलं, शेणाने सारवलं. साहेबाचं वाद्य पुन्हा देवळात येणार नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी उघडीप पडली तेव्हा वर ओढलेल्या होड्यांपाशी टंडेलकाकांनी मला गाठलं. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार.

"मास्तर," ते हळू म्हणाले, "माजा जोड सुटला."

मी होडीच्या कडेवरची वाळू झाडत राहिलो.

"तुज्या पहाऱ्याला सुटला. तू बघितलास. दुसरा असता तर वाडीभर सांगत फिरला असता, की सोनूचा जोड तीन दिवस टिकला नाय. तू बोंबलात हात घातलास, पण माजी अब्रू झाकलीस."

"काका, तो जोड..."

"गप. त्याचं नाव काढू नको. लोक म्हनू देत, सोनूने सप्ताह बाटवला. ते मी सोसीन. जोड सुटला म्हनले असते तर सोसवलं नसतं." मग पंच्याच्या गाठीतून काढून त्यांनी माझ्या हातावर मुशीची कातडी ठेवली. "ही घे. आता मला नको. बोललो ते बोललो."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ही उघडीप टिकली की माझ्या पट्ट्या सुटणार होत्या, माझी जागा परत माझीच होणार होती, आणि समोरचा माणूस माझे उपकार मानत होता. मी कातडी खिशात टाकली.

टंडेलकाकांनी शब्द पाळला. कुणी वाद्य दुरुस्तीला आणलं तर ते परत धाडत. पावसाळे येत गेले आणि पडवीतल्या फळीवर एकेकीचा भाता सुटत गेला. आधी रडवी मुकी झाली, मग मडम, मग माहेरवाशीण. ते बघत, पण हात लावत नसत. वाजवत ती कार्डिफवाली, ठिगळासकट. श्रावणात देवळात मी हार्मोनियम वाजवी आणि पलीकडे आपल्या पडवीत बसून ते बुवांच्या गळ्याला साथ करत. देवळात यायचं नाही असं ठरलं होतं, सुराला कोण अडवणार? एकदा काकी माझ्या दारात आल्या. "मास्तर, आधी सवतींचा आवाज सोसवत नव्हता. आता त्या गप्प बसल्यात ते सोसवत नाय. तुमचं ऐकतात ते. सांगा की, पुन्हा जोड लावा म्हणून." मी सांगतो म्हणालो. सांगितलंही, "काका, पुन्हा जोड लावा," एवढंच. त्यांनी मान हलवली.

पुढे त्यांच्या मुलाला मुंबईत गोदीत नोकरी लागली आणि तो दोघांना न्यायला आला. मी धक्क्यावर कचेरीतच होतो. पडाव भरला. काकी ट्रंकेवर बसल्या होत्या, मांडीवर 'आगाऊ'ला घेऊन. ती मुकी झाली होती तरी मागे ठेवायला तयार नव्हत्या. बाकीच्या ट्रंकेत होत्या. टंडेलकाका मधल्या फळीवर, निळ्या बनियनमध्ये, गळ्यात कार्डिफवाली. मी हात जोडले. ते म्हणाले, "पाटाला जपा, मास्तर."

पडाव सुटला. बाहेर उभ्या आगबोटीने भोंगा दिला. त्यांनी कान टवकारले, पेटी उचलली, एक सूर लावून बघितला आणि तोंड भरून हसले. मग लाटेवर वरखाली होत, धक्क्यावरच्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशा बोटीवरच्या आवाजात, पेटीचं ठिगळ माझ्याकडे करून ते ओरडले, "मास्तर! तुजा जोड अजून धरून हाय!"

पडाव फार लांब गेला नव्हता. मी ओरडलो असतो तर त्यांना ऐकू गेलं असतं.

मी हात वर केला आणि हलवत राहिलो.